अपाची २.२ च्या जुन्या कॉन्फिग फाइल २.४ च्या सिंटॅक्समध्ये आणायच्यात, सेड पुरेल का?

तापीकाठ

राम राम मंडळी.

जळगावातल्या एका सर्व्हरवर सेंटओएस ६ आणि त्याच्यासोबत आलेलं अपाची (वेब सर्व्हर) २.२.१५ अजून चालू आहे. त्या सेंटओएसचा सपोर्ट ३० नोव्हेंबर २०२० लाच संपला, त्यामुळे हलवणं भाग आहे. नव्या मशीनवर उबुंटू २४.०४ टाकलंय, म्हणजे अपाची २.४.५८. साइट चाळीसच्या आसपास आहेत: शिरपूर-अमळनेरकडची कॉलेजं, पतसंस्था, एक जिनिंग-प्रेसिंग आणि केळीचे रोजचे भाव दाखवणारी एक. प्रत्येकीची वेगळी व्हर्च्युअल होस्ट फाइल, शिवाय फोल्डरांमध्ये विखुरलेल्या डॉट-एचटीॲक्सेस फाइल (त्या-त्या फोल्डरपुरते नियम) शंभराच्या वर.

मुख्य अडचण ऑर्डर, अलाउ, डिनाय या, कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या ओळींची. २.४ मध्ये त्यांच्या जागी रिक्वायर आलंय हे माहीत आहे. असा विचार आहे की सेडनं (ओळीओळीनं मजकूर बदलणारा आदेश) ऑर्डरच्या सगळ्या ओळी उडवायच्या, 'अलाउ फ्रॉम ऑल'च्या जागी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' आणि 'डिनाय फ्रॉम ऑल'च्या जागी 'रिक्वायर ऑल डिनाइड' टाकायचं. एवढ्यानं भागेल का? की ॲक्सेस-कॉम्पॅट (२.४ मध्ये जुने आदेश चालू देणारं) मॉड्यूल चालू ठेवून जुनंच चालवावं? आणि कॉन्फिगटेस्टनं (कॉन्फिग तपासणारा अपाचीचा आदेश) 'सिंटॅक्स ओके' म्हटलं की काम झालं असं धरायचं का?

(आदेशांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत.)

रूट_धुळे

हाऊ सवाल बेस शे भो. अजून सेड चालवलं नसेल तर चालवू नका.

सेड एकेक ओळ पाहतं, आणि इथं अर्थ अख्ख्या ब्लॉकमध्ये (डिरेक्टरी, फाइल्स अशा उघडणाऱ्या-बंद होणाऱ्या टॅगांच्या मधल्या भागात) मिळून असतो. २.२ चं गणित आधी पक्कं करून घ्या. 'ऑर्डर अलाउ,डिनाय' म्हणजे आधी अलाउच्या ओळी तपासायच्या, मग डिनायच्या. दोन्हीत बसणाऱ्याला डिनाय लागू, आणि कशातच न बसणारा बाहेर. 'ऑर्डर डिनाय,अलाउ' याच्या उलट: दोन्हीत बसणारा आत, कशातच न बसणाराही आत. फाइलमध्ये अलाउ वर लिहिलंय की डिनाय, यानं काही फरक पडत नाही. ऑर्डरची ओळच नसेल तर डिनाय,अलाउ धरलं जातं.

आता तुमच्या सेडकडं या. ज्या ब्लॉकमध्ये नुसती 'ऑर्डर अलाउ,डिनाय' ही एकच ओळ आहे, खाली अलाउ नाही की डिनाय नाही, तो ब्लॉक २.२ मध्ये सगळ्यांना बंद असतो. तुमचं सेड ती ओळ उडवणार आणि फोल्डर वरच्या फोल्डरचा नियम उचलणार, म्हणजे बहुधा सताड उघडं. दुसरं उदाहरण, भाव भरायच्या फोल्डरचं असावं असं:

    ऑर्डर डिनाय,अलाउ
    डिनाय फ्रॉम ऑल
    अलाउ फ्रॉम १९२.१६८.१०

सेड चालवल्यावर 'रिक्वायर ऑल डिनाइड' आणि त्याखाली अनाथ 'अलाउ फ्रॉम' उरेल. कॉम्पॅट मॉड्यूल चालू असेल तर दोन्ही अटी पाळाव्या लागतात, म्हणजे ऑफिसातल्यांनाही ४०३ (परवानगी नाही). बरोबर उत्तर एकच ओळ आहे: 'रिक्वायर आयपी १९२.१६८.१०'. अर्धवट पत्त्याच्या शेवटी टिंब असेल तर ते काढून टाका.

'ऑर्डर अलाउ,डिनाय' आणि 'अलाउ फ्रॉम ऑल' एवढंच असेल तर रिक्वायर ऑल ग्रँटेड. 'डिनाय फ्रॉम ऑल' एवढंच असेल तर ऑर्डर कुठलीही असो, रिक्वायर ऑल डिनाइड. सगळ्यांना परवानगी आणि एखाद्या पत्त्याला बंदी असेल तर असं:

    <रिक्वायरऑल>
        रिक्वायर ऑल ग्रँटेड
        रिक्वायर नॉट आयपी २०३.०.११३.७
    </रिक्वायरऑल>

नुसतं 'रिक्वायर नॉट' एकटं चालत नाही, त्याच्यासोबत निदान एक होकारी ओळ लागते आणि दोन्ही रिक्वायरऑलच्या आत असाव्या लागतात. 'अलाउ फ्रॉम' पुढं डोमेनचं नाव असेल तर रिक्वायर होस्ट, 'ईएनव्ही=' असेल तर रिक्वायर ईएनव्ही.

स्क्रिप्ट ऑकमध्ये (मजकुरावर काम करणारी छोटी भाषा) लिहा, पण लिहायच्या आधी मोजणी करा. ती केली की अर्धं काम सोपं होतं.

सगळ्या फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) इनिट करून पहिली कमिट, म्हणजे नोंद, करा. मूळ जागेवर काहीही चालवायचं नाही. मग सगळ्या फाइल एकसारख्या करून घ्या: नोटपॅडमधून आलेल्या फाइलींच्या ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न असतो, तो डॉस-टू-युनिक्सनं काढा. नाहीतर ओळीच्या शेवटाची डॉलरची खूण वापरलेला एकही पॅटर्न लागत नाही आणि का लागत नाही ते डोळ्यांना दिसतही नाही. यूटीएफ-८ चा बीओएमही (फाइलच्या अगदी सुरुवातीची न दिसणारी खूण) तिथंच काढा. एचटीॲक्सेसच्या पहिल्या ओळीत तो राहिला तर अपाचीला आदेश ओळखू येत नाही आणि पूर्ण फोल्डर ५०० (सर्व्हरची एरर) देतं. बॅकस्लॅशनं तोडलेल्या लांब ओळी जोडा. ही साफसफाई वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या डिफमध्ये खरा बदल तेवढाच दिसेल.

आता ठसे, म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या नियमांचा एका ओळीतला नमुना, काढायचे. ऑकनं प्रत्येक ब्लॉकमधल्या फक्त ऑर्डर, अलाउ, डिनाय, सॅटिस्फाय, रिक्वायर या ओळी उचला. अक्षरं टू-लोअरनं लहान करा, जास्तीच्या मोकळ्या जागा काढा, आयपीच्या जागी 'आयपी' आणि होस्टच्या जागी 'होस्ट' असा शब्द ठेवा, आणि सगळ्या ओळी उभ्या दांडीनं जोडून एका ओळीत छापा. ते सॉर्टमधून युनिक-सीला द्या आणि पुन्हा आकड्यांप्रमाणे उलट सॉर्ट. शेकडो ब्लॉकमधून वेगळे ठसे मूठभरच निघतात, कारण सगळ्यांनी एकमेकांच्या फाइली कॉपी केलेल्या असतात. एकेका ठशाचं २.४ मधलं उत्तर तुम्ही स्वतः, डोकं शांत ठेवून, हातानं लिहायचं. स्क्रिप्टनं फक्त ओळखीचा ठसा दिसला की ते उत्तर बसवायचं. अनोळखी ठसा आला तर ब्लॉकला हात लावायचा नाही, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक एररच्या बाजूला छापायचा.

ऑकमध्ये हमखास अडणाऱ्या गोष्टी:

डिरेक्टरीच्या आत फाइल्स, फाइल्सच्या आत लिमिट असं एकात एक असतं, म्हणून 'ब्लॉकमध्ये आहे की नाही' असा एक झेंडा पुरत नाही. खोलीचा आकडा ठेवा, उघडणाऱ्या टॅगला एक वाढवा, बंद होणाऱ्याला एक कमी करा, आणि ओळी त्या आकड्याच्या नावानं साठवा. इफमॉड्यूल आणि इफडिफाइन यांना खोली वाढवू देऊ नका, ते परवानगीची हद्द नाहीत. एचटीॲक्सेसमध्ये बाहेरचा टॅगच नसतो, तिथं पूर्ण फाइल हाच शून्य खोलीचा ब्लॉक, तो एंडमध्ये निकालात काढायचा. व्हर्च्युअल होस्टच्या फाइलमध्ये मात्र शून्य खोलीवर ऑर्डर सापडली तर तुमच्या मोजणीत चूक आहे, कारण डिरेक्टरी, लोकेशन, फाइल्स अशा ब्लॉकच्या बाहेर ती ओळ २.२ लाही चालत नव्हती.

उबुंटू सर्व्हरवर ऑक म्हणून मॉक असतं, ही ऑकचीच एक आवृत्ती. इग्नोरकेस (लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न करणं) हा व्हेरिएबल फक्त गॉक या दुसऱ्या आवृत्तीला समजतो. मॉक त्याला साधा व्हेरिएबल समजून गप्प बसतं, एररही देत नाही. कॉन्फिगमध्ये कोणी 'ORDER' सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते निसटतं. म्हणून टू-लोअर.

स्क्रिप्टनं 'इथं बदललंय' अशी टीप टाकायची असेल तर वेगळ्या ओळीवर टाका. अपाचीत आदेशाच्याच ओळीवर शेवटी # लावून कॉमेंट चालत नाही, ते शब्द आदेशाचेच भाग धरले जातात.

ऑकचं आउटपुट त्याच फाइलवर वळवलंत तर ऑक वाचायच्या आधीच शेल ती फाइल रिकामी करतं. वेगळ्या फाइलमध्ये लिहा, डिफ पाहा, आणि मग कॅट वापरून जुन्या फाइलमध्ये ओता. एमव्हीऐवजी कॅट एवढ्यासाठी की मालक, परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) जागच्या जागी राहतात. सेड -आय चा हाच त्रास आहे: साइट्स-एनेबल्डमध्ये सिमलिंक असतात, सेड -आय त्यांच्या जागी खरी फाइल बनवून ठेवतं आणि साइट्स-अव्हेलेबलमधली जुनी तशीच राहते. सेड चालवायचंच तर अव्हेलेबलमध्ये, नाहीतर फॉलो-सिमलिंक्सचा पर्याय देऊन.

आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई' लावलं असेल तर ग्रेपला (मजकूर शोधणारा आदेश) काही सापडलं नाही की तो १ परत देतो आणि स्क्रिप्ट मुकाट्यानं तिथंच थांबते. जिथं न सापडणं ही चांगली बातमी आहे तिथं ग्रेप इफच्या आत घ्या.

सातपुडा_ताई

रूटभाऊंनी ठशांचं सांगितलं ते योग्यच. पण त्यांच्या ठशात रिक्वायरची ओळ का घेतली आहे ते उलगडून सांगते, कारण सगळ्यात धोकादायक खड्डा तिथंच आहे.

पासवर्ड लावलेलं फोल्डर २.२ मध्ये बहुतेक वेळा असं दिसतं:

    ऑथटाइप बेसिक
    ऑथनेम "कार्यालय"
    ऑथयुजरफाइल /ईटीसी/एचटीटीपीडी/पासवर्ड
    रिक्वायर व्हॅलिड-युजर
    ऑर्डर अलाउ,डिनाय
    अलाउ फ्रॉम ऑल

इथं पत्त्याची अट सगळ्यांना मोकळी आहे आणि पासवर्डची अट वेगळी आहे. सॅटिस्फाय लिहिलेलं नसेल तर 'ऑल' धरलं जातं, म्हणजे दोन्ही अटी पाळायच्या. आता खालच्या दोन ओळींच्या जागी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' आलं की एकाखाली एक दोन रिक्वायर झाले. २.४ मध्ये उघड्यावर लिहिलेल्या अनेक रिक्वायर ओळी रिक्वायरएनीच्या आत असल्यासारख्या मानल्या जातात: एक जरी पटली तरी आत. ऑल ग्रँटेड सगळ्यांनाच पटतं. पासवर्ड विचारलाच जात नाही. कॉन्फिगटेस्ट ओके म्हणतं, लॉगमध्ये एररचा मागमूस नाही, साइट 'छान चालतेय'. पतसंस्थेच्या साइटवर हे झालेलं कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तक्रार बंद दाराची येते, उघड्या दाराची येत नाही.

वरच्या ब्लॉकचं योग्य रूपांतर म्हणजे ऑर्डर आणि अलाउ काढून टाकायचे, त्यांच्या जागी काहीच लिहायचं नाही. रिक्वायर व्हॅलिड-युजर एकटा पुरेसा आहे. अलाउमध्ये ऑलऐवजी आयपी असेल आणि सॅटिस्फाय नसेल (किंवा ऑल असेल) तर आयपी आणि व्हॅलिड-युजर दोन्ही रिक्वायरऑलच्या आत. सॅटिस्फाय एनी असेल तर रिक्वायरएनीच्या आत.

याच्याच पोटातला दुसरा खड्डा ठशातूनही सुटतो, कारण तो दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये पसरलेला असतो. समजा 'कार्यालय' फोल्डरला पासवर्ड आहे आणि त्याच्या आतल्या 'फोटो' फोल्डरमध्ये कोणीतरी ऑर्डर अलाउ,डिनाय आणि अलाउ फ्रॉम ऑल असलेली एचटीॲक्सेस ठेवली आहे. २.२ मध्ये पत्त्याचे नियम आणि पासवर्डचे नियम वेगवेगळे वारशानं येत, म्हणून 'फोटो'लाही पासवर्ड लागायचा. २.४ मध्ये आतल्या फोल्डरला स्वतःचा रिक्वायर मिळाला की वरचा पूर्ण बाजूला पडतो, कारण ऑथमर्जिंगचं मूळ मूल्य ऑफ आहे. म्हणून ज्या फोल्डरांना पासवर्ड आहे त्यांची यादी काढा आणि त्या प्रत्येकाच्या पोटात फाइंडनं एचटीॲक्सेस शोधा. जिथं आतली फाइल नुसतं 'सगळ्यांना परवानगी' म्हणते, तिथं त्या दोन ओळी पुसायच्या, रूपांतर करायचं नाही.

एचटीॲक्सेसबद्दल आणखी थोडं. ऑर्डर, अलाउ, डिनाय चालायला अलाउओव्हरराइडमध्ये 'लिमिट' लागायचं, रिक्वायरला 'ऑथकॉन्फिग' लागतं. तुमच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये 'अलाउओव्हरराइड लिमिट' एवढंच असेल तर रूपांतर केलेली एचटीॲक्सेस ५०० देईल आणि एरर लॉगमध्ये 'रिक्वायर नॉट अलाउड हिअर' दिसेल. उलट, जिथं अलाउओव्हरराइडची ओळच नाही तिथं २.२ ते 'ऑल' धरायचं आणि २.४ 'नन' धरतं. मग एचटीॲक्सेस वाचलीच जात नाही, तिच्यातली बंदीही नाही.

काही सीएमएसच्या (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फाइलमध्ये दोन्ही सिंटॅक्स आधीपासून असतात: 'इफमॉड्यूल मॉड-ऑथझेड-कोअर' मध्ये नवीन आणि उद्गारचिन्ह लावलेल्या इफमॉड्यूलमध्ये जुनं. त्यांना स्क्रिप्टचा हात लागू देऊ नका. रूटभाऊंच्या पद्धतीत इफमॉड्यूल पारदर्शक धरलाय, तिथं या फाइली आधी वेगळ्या काढल्या नाहीत तर दोन्ही एकत्र होऊन विचित्र ठसा निघेल. तो अनोळखी म्हणून बाजूला पडेलच, पण उगाच यादी फुगते.

तापीकाठ

ताई, भाऊ, दोघांनी डोळे उघडलेत.

ठसे काढले. बहुतेक तुम्ही सांगितलेल्यांतच बसले. हे तीन अडकलेत.

एक, प्राचार्यांच्या फोल्डरचं: ऑर्डर डिनाय,अलाउ, डिनाय फ्रॉम ऑल, अलाउ फ्रॉम १०.२०. (शेवटी टिंब आहे); रिक्वायर युजर प्राचार्य लेखापाल; सॅटिस्फाय एनी.

दोन, 'लिमिट गेट पोस्ट' च्या आत ऑर्डर अलाउ,डिनाय आणि डिनाय फ्रॉम ऑल.

तीन, भावाच्या साइटचे फोटो दुसऱ्यांनी आपल्या पानावर लावू नयेत म्हणून सेटएनव्हइफ रेफरर वापरून ठरवलेला 'आपला' नावाचा व्हेरिएबल, आणि फाइल्समॅचमध्ये ऑर्डर डिनाय,अलाउ; डिनाय फ्रॉम ऑल; अलाउ फ्रॉम ईएनव्ही=आपला.

शिवाय ऑप्शन्सच्या ओळीवर कॉन्फिगटेस्ट अडतंय.

सातपुडा_ताई

पहिलं:

    <रिक्वायरएनी>
        रिक्वायर आयपी १०.२०
        रिक्वायर युजर प्राचार्य लेखापाल
    </रिक्वायरएनी>

सॅटिस्फायची ओळ काढायला विसरू नका. ऑथटाइप, ऑथनेम, ऑथयुजरफाइल आहेत तशाच राहतात. रिक्वायरएनीचा टॅग नसला तरी अर्थ तोच राहतो, पण उद्या कोणी खाली तिसरी ओळ जोडेल तेव्हा 'किंवा' आहे हे त्याला दिसलं पाहिजे, म्हणून लिहाच.

दुसऱ्यात लिमिटच्या आत रिक्वायर ऑल डिनाइड लिहिलं की जुन्यासारखंच वागेल, आणि जुनं वागणंच धड नव्हतं. लिमिट फक्त नाव घेतलेल्या पद्धतींना लागू होतं. पुट, डिलीट, ऑप्शन्स यांना बंदी नाहीच. फोल्डर पूर्ण बंद ठेवायचा हेतू असेल तर लिमिटचा टॅगच काढा. पण हे रूपांतराच्या कमिटमध्ये घुसवू नका. आधी जसंच्या तसं, मग वेगळी कमिट.

तिसरं एका ओळीचं आहे, रिक्वायर ईएनव्ही आपला. सेटएनव्हइफची ओळ बदलायची नाही.

ऑप्शन्समध्ये २.४ ला भेसळ चालत नाही: सगळ्या शब्दांना अधिक-उणे लावा नाहीतर एकालाही नको. 'ऑप्शन्स इंडेक्सेस फॉलोसिमलिंक्स -मल्टिव्ह्यूज' मध्ये चिन्ह नसलेले शब्द यादी नव्यानं ठरवतात, म्हणून -मल्टिव्ह्यूज तसंही फुकट होतं, काढून टाका. बाकीच्या भेसळीच्या ओळी ग्रेपनं शोधून हातानं बघा. वरच्या फोल्डरचं राखून थोडा फरक करायचा होता की यादी नव्यानं ठरवायची होती, ते स्क्रिप्टला कळत नाही.

भरीत_पार्टी

एक उलटा मुद्दा मांडतो. उबुंटूवर ॲक्सेस-कॉम्पॅट पहिल्यापासून चालू असतं, जुनं जसंच्या तसं चालतं. ठसे मूठभरच निघतात तर एवढी स्क्रिप्ट कशाला? व्हर्च्युअल होस्ट हातानं बदला, एचटीॲक्सेस कॉम्पॅटवर सोडा.

रूट_धुळे

एकाच मशीनवर दोन्ही चालतील, पण एकाच फोल्डरच्या वाटेत दोन्ही आले की कोण जिंकलं ते सांगणं कठीण होतं. मुख्य फाइलमध्ये रिक्वायर ऑल डिनाइड आणि आत एचटीॲक्सेसमध्ये अलाउ फ्रॉम ऑल असेल तर ४०३. लॉगमध्ये एएच०१६३० आणि 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' दिसेल, पण कुठल्या ओळीमुळे ते नाही. दोन्ही एकत्र वापरू नका असं अपाचीच्या दस्तऐवजातही लिहिलंय.

कॉम्पॅटचा एक चांगला उपयोग आहे, तो म्हणजे बंद करून पाहणं. रूपांतर संपलं की ए-टू-डिसमॉडनं ॲक्सेस-कॉम्पॅट काढा आणि कॉन्फिगटेस्ट चालवा. कुठं ऑर्डर राहिली असेल तर 'इनव्हॅलिड कमांड' म्हणून फाइल आणि ओळ सांगेल. मात्र कॉन्फिगटेस्ट एचटीॲक्सेस वाचत नाही, त्या विनंती आल्यावरच वाचल्या जातात आणि ५०० देतात. त्यांच्यासाठी फाइंडच्या प्रिंट-शून्य पर्यायातून नावं घेऊन एक्सआर्ग्स -शून्य मार्गे ग्रेप. कॉलेजच्या साइटवर 'नवीन फोल्डर (२)' अशी मोकळ्या जागेची नावं असतातच, शून्याशिवाय ती तुटतात.

उरलेले एकास-एक बदल सेडनं बिनधास्त करा: नेमव्हर्च्युअलहोस्टच्या ओळी काढा, त्यांना २.४ मध्ये काम नाही. रिराइटलॉग आणि रिराइटलॉगलेव्हल गेलेत, त्यांच्या जागी लॉगलेव्हलमध्ये 'रिराइट:ट्रेस३', तेही गरज लागेल तेव्हाच. एसएसएलम्युटेक्स, लॉकफाइल, ॲक्सेप्टम्युटेक्स तिन्ही म्युटेक्समध्ये गेलेत. जुन्या ओळी काढा, मूळ मूल्यावर चालतं. मॅक्सक्लायंट्सचं नाव मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स झालंय. जुनं नाव अजून चालतं, पण सेंटओएसचे प्रीफोर्कचे आकडे इव्हेंटवर (या अपाचीच्या विनंत्या हाताळायच्या दोन पद्धती) उचलून ठेवू नका. लोडमॉड्यूलच्या ओळी सगळ्या काढा. 'लॉग्ज/' नं सुरू होणारे लॉगचे मार्ग बदला: सेंटओएसवर तिथं सिमलिंक असतो, उबुंटूवर ते फोल्डरच नसतं आणि अपाची सुरूच होत नाही. फाइलच्या नावाला शेवटी डॉट-कॉन्फ हवंच, नाहीतर साइट वाचली जात नाही आणि त्याची एररही येत नाही.

एसएसएलसर्टिफिकेटचेनफाइल २.४.८ पासून कालबाह्य आहे. चेन मूळ सर्टिफिकेटच्या खाली कॅटनं जोडून टाका, आधी साइटचं, मग मधलं. पहिल्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नसेल तर 'एंड' आणि 'बिगिन' एकाच ओळीत चिकटतात आणि सर्टिफिकेट वाचता येत नाही.

एचटीॲक्सेसमध्ये पीएचपी-व्हॅल्यू, पीएचपी-फ्लॅग आहेत का तेही ग्रेप करा. पीएचपी-एफपीएमवर (पीएचपी अपाचीबाहेर वेगळं चालवण्याची पद्धत) गेलात तर त्या ओळी ५०० देतात. 'इफमॉड्यूल मॉड-पीएचपी५' मध्ये असतील तर ५०० येत नाही, त्या नुसत्याच वगळल्या जातात, आणि मग अपलोडची मर्यादा कमी का झाली म्हणून फोन येतो.

भरीत_पार्टी

पटलं. मग तपासणीचं माझ्याकडून घ्या.

जुन्या ॲक्सेस लॉगमधून ऑकनं सातवा रकाना काढा, सॉर्ट आणि युनिक-सीनं मोजून जास्त मागणीचे पत्ते घ्या. त्यात बंदी किंवा पासवर्ड असलेल्या प्रत्येक फोल्डरचा एकेक पत्ता हातानं जोडा, कारण त्यांना लॉगमध्ये मागणी कमी असते आणि ते यादीत येत नाहीत. प्रत्येक साइटसाठी '/.एचटीपासडब्ल्यूडी' हाही पत्ता जोडा. डॉट-एचटीनं सुरू होणाऱ्या फाइल बंद ठेवणारा ब्लॉक जुन्या मुख्य फाइलमध्ये ऑर्डर-डिनायनंच लिहिलेला असतो. तो रूपांतरात बिघडला तर पासवर्डच्या फाइल बाहेरून उतरवता येतील. तिथं ४०३ च आलं पाहिजे.

मग कर्ल (टर्मिनलवरून पान मागवणारा आदेश): आउटपुट डेव्ह-नलला, राइट-आउटमध्ये फक्त एचटीटीपी कोड, आणि रिझॉल्व्ह पर्यायानं साइटचं नाव नव्या मशीनच्या आयपीला बांधायचं, म्हणजे डीएनएस न बदलता तपासता येतं. होस्ट हेडर देऊन आयपीवर मारलं तर एचटीटीपीएसच्या साइटला सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही, म्हणून रिझॉल्व्हच बरं. पत्ता आणि कोड अशी दोन रकान्यांची फाइल जुन्याची आणि नव्याची बनवा, डिफ करा. हे तीनदा: ऑफिसच्या नेटवर्कमधून, मोबाइल डेटावरून, आणि पासवर्ड देऊन. एकाच ठिकाणाहून केलंत तर रिक्वायर आयपीची एक बाजूच तपासली जाते.

डिफमध्ये ४०१ (पासवर्ड हवा) किंवा ४०३ चं २०० (पान मिळालं) झालेलं आधी बघा, ते दुरुस्त होईपर्यंत डीएनएस बदलायचा नाही. २०० चं ४०३ झालं असेल तर बहुधा साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या बाहेर, /होममध्ये वगैरे आहे. उबुंटूच्या मुख्य फाइलमध्ये मुळापासून सगळं बंद आहे, तुमच्या फोल्डरला स्वतःचा रिक्वायर ऑल ग्रँटेड द्यावा लागतो.

आणि 'अलाउ फ्रॉम १२७.०.०.१' च्या जागी 'रिक्वायर लोकल' लिहिणार असाल तर पुढं त्याच मशीनवर एनजिनएक्स किंवा दुसरा प्रॉक्सी (पाहुण्यांच्या विनंत्या अपाचीकडे पोचवणारा मधला सर्व्हर) नाही ना ते बघा. असेल तर अपाचीला प्रत्येक पाहुणा लोकलच दिसतो. तिथं आधी मॉड-रिमोटआयपी (पाहुण्याचा खरा पत्ता ओळखणारं मॉड्यूल) बसवा, प्रॉक्सीचा पत्ता विश्वासू म्हणून द्या, आणि सर्व्हर-स्टेटसचं पान मोबाइल डेटावरून उघडून ४०३ येतंय का ते तपासा.